अकरा टिकल्या, एक खिळा

"मेंदू काढून घेतल्यावर उरलेल्या डुकराचं तुम्ही काय करता?"

प्रश्न माझा नव्हता. प्रश्न निदाचा होता आणि तो विचारायची हिंमत माझी, असं दाबेलीच्या पैजेवर ठरलं होतं. आठवीपर्यंत मी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा लाजायचे. मग यंदा तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले, आणि तेव्हापासून माझा हात आपोआप वर जातो. खाली ठेवायचा तर दुसऱ्या हाताने धरून ठेवावा लागतो. त्यामुळे आमची दहावीची सहल हायवेपलीकडच्या आघात संशोधन केंद्रात गेली, डॉ. फाल्गुनी सबनीसांनी काही शंका आहेत का म्हणून विचारलं आणि निदाने मागून पाठीत पेन टोचलं, तेव्हा मी उठले आणि विचारून टाकलं. मोठ्याने, स्पर्धेतल्या आवाजात.

मुली खिदळल्या. आमचे विज्ञानाचे सर छताकडे बघू लागले. सबनीस मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"जाळतो," त्या म्हणाल्या. "नऊशे अंशांच्या भट्टीत. साठ किलोच्या डुकराची दोन किलो राख होते. ते काम आमच्या सुवर्णाताई बघतात. त्या काय दारात उभ्या आहेत. अजून काही असेल तर त्यांना विचार."

सगळ्या वळल्या. दारात हिरवा डगला आणि रबरी बूट घालून, हातात बादली घेऊन माझी आई उभी होती.

मैत्रिणींना मी सांगून ठेवलं होतं की आई केंद्राच्या कॅन्टीनमध्ये असते. ती तिथे जनावरांकडे असते एवढंच मला ठाऊक होतं. आईने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागले. उंदराचं सरासरी वजन, सशाचं सरासरी वजन, डुकराचं सरासरी वजन. तक्ता वाचून संपला तेव्हा दारात कोणी नव्हतं.

दाबेली मी जिंकले. पहिला घास तोंडात घेतला आणि मसाल्याला जळक्या केसांचा वास आला. तो वास मला चांगला ओळखीचा होता. आई रोज दोनदा आंघोळ करते तरी तो तिच्या वेणीत राहतो. उरलेली दाबेली निदाच्या हातात परत दिली.

मॅडमनी त्या दिवशी जे दाखवलं ते इथेच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

केंद्रात पोलादाची एक नळी आहे. बारा मीटर लांब, आत माणूस वाकून चालू शकेल एवढी रुंद. एका टोकाला जाड प्लास्टिकचा पडदा ताणून बसवतात आणि त्याच्यामागे वायू भरत जातात. दाब सोसेनासा झाला की पडदा फाटतो आणि नळीतून लाट सुटते, आवाजापेक्षा वेगाने. दुसऱ्या टोकाला भूल दिलेलं डुक्कर झोळीत बांधलेलं असतं. लाट त्याच्यावरून जायला पापणी लवण्याच्या विसाव्या हिश्श्याएवढा वेळ लागतो. अंगावर ओरखडासुद्धा उमटत नाही. दोन तासांनी डुक्कर उठतं आणि खायला मागतं.

मग बिघडतं काय? मॅडमनी विचारलं, घरी दही लावता ना? दह्याचं भांडं ओट्यावर आपटलं तर दही आणि साय एका वेगाने हलत नाहीत. फाटतं ते दोघांच्या मधे. मेंदूचंही तसंच. त्यात करडा भाग वेगळा, पांढरा भाग वेगळा, भोवती पाणी वेगळं. लाट आतून जाते तेव्हा हे तिन्ही वेगवेगळे हलतात आणि जिथे ते एकमेकांना चिकटतात तिथे ताण बसतो. तिथे मग बारीक व्रण धरतात, रेघेसारखे. एका लाटेने थोडे, दहा लाटांनी जास्त. उंदरावर हे नीट कळत नव्हतं, कारण उंदराचा मेंदू सोललेल्या शेंगदाण्यासारखा गुळगुळीत. डुकराचा आपल्यासारखा अक्रोडाचा. म्हणून डुक्कर.

काचेच्या बरणीत कापलेले मेंदू होते. सुरणाच्या फोडी मिठाच्या पाण्यात घालून ठेवाव्यात तसे. एका फोडीवर मॅडमनी सुईने रेघ दाखवली आणि म्हणाल्या, आजवर ही रेघ बघायची तर मेंदू बाहेर काढावा लागायचा. आता नाही. केंद्राने रेषादर्शक नावाचं यंत्र केलं होतं. जिवंत माणसाने वीस मिनिटं त्यात डोकं ठेवलं की रेघा दिसतात. यंत्राला हे शिकवायला एकशे चाळीस डुकरं लागली. आधी जिवंतपणी चित्र काढायचं, मग चिरून बघायचं, मग जुळवायचं.

दही मी त्या दिवसापासून सोडलं.

संध्याकाळी मी आईवरच उखडले. भट्टीचं मला कधी बोलली नाहीस म्हणाले. ती माझ्या डब्याचं झाकण घासत होती.

"तू कधी विचारलंस?" ती म्हणाली. "दाबेली लागली विचारायला."

हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे. तक्त्याचा विषय तिने काढला नाही, आणि मला त्याचीच भीती होती. उलट पहिल्यांदाच ती कामाचं बोलली. डुकरांना नावं ठेवायची नाहीत असा तिकडे नियम आहे, फक्त क्रमांक. तरी एकतीस क्रमांकाला ती मनातल्या मनात गुलब्या म्हणायची, कारण त्याचं नाक गुलाबी होतं. मॅडमच्या सांगण्यावरून ती पेंढ्यात गुळाचा खडा पुरून ठेवायची. दहा म्हणेपर्यंत गुलब्या तो हुडकायचा. तीन लाटा झाल्या, आणि चौथ्या दिवशी तो गुळावरच पाय देऊन उभा राहिला. नाकाला काही कळेना. कळ्यांसारखे कान हलवायचा ते थांबलं. बादली वाजली की आधी घाबरायचा, आता अंगावर यायचा. आणि आईकडे असं बघायचा की जणू ही बाई आजच आली आहे.

"मग?" मी म्हणाले.

"मग काय," आई म्हणाली, "चिरला."

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, खाणीत सुरुंग लावतात. यल्लप्पा धोत्रे हे नाव आमच्या भागात घ्या, काळ्या दगडाशी ज्याचा संबंध आहे तो माणूस ओळखेलच. दगडावर हातोडी वाजवून, कान लावून, भोक कुठे मारायचं ते सांगायचे. दगडाची नस म्हणतात त्याला. खाणीत मोठा बार दिवसातून एकदा उडतो, पण फुटून पडलेले मोठे धोंडे पुन्हा फोडावे लागतात आणि ते छोटे बार वीस-वीस, पंचवीस-पंचवीस असतात. नियम दोनशे पावलं लांब जायचा. पंचवीस वेळा दोनशे पावलं जा आणि या, तर दिवस चालण्यातच संपतो. म्हणून माणसं वीस पावलांवर एखाद्या धोंड्याआड बसतात, कानात बोटं घालून. कानात. डोक्याला बोटं घालायला जागाच नाही.

वर्षभरापासून अप्पांचं डोकं दुखायचं. मग ते एकच गोष्ट दोनदा सांगायला लागले. मग एकदा मी गृहपाठाची वही जमिनीवर आपटली तर ते उठून माझ्या अंगावर आले, हात उगारून, आणि मधेच थांबले. कशासाठी उठलो ते त्यांना आठवेना. मी मैत्रिणींना हे सगळं हसून सांगायचे. म्हातारे झाले आमचे अप्पा, असं. वय पंचेचाळीस.

गुलब्याची गोष्ट ऐकून चार दिवस झाले होते. दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. आईने अप्पांना आमटी वाढली. मी माझी वाटी पुढे केली, तर तिने मला आमटी नाही वाढली, चटणी वाढली. अप्पांच्या वाटीतून वास येत होता. साधा आंबट नव्हे, विटलेला. आमटीवर पांढरा फेस आला होता आणि तार धरली होती. मी नाक दाबलं. अप्पांनी भाकरी कुस्करली, वाटी ओतली, चार बोटांनी कालवलं आणि खाल्लं. पहिला घास, दुसरा घास. बोटं चाटली. आज आमटी छान झाली म्हणाले.

मी ओरडणार तेवढ्यात आईकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत होती, पापणी न हलवता, आणि तिचे ओठ हलत होते. ती दहापर्यंत मोजत होती.

तिने ताट ओढून घेतलं, मुंगी पडलीय म्हणाली आणि ताजी आमटी वाढली. मी मागच्या दारी जाऊन ओकले. मला किळस कशाची आली ते तेव्हा सांगता आलं नसतं. फेसाची आली, बोटं चाटण्याची आली, आणि आईची आली. स्वतःच्या नवऱ्याला पेंढ्यात उभं करून बघत होती.

दुसऱ्या दिवशी तिने सबनीस मॅडमना गाठलं. मॅडमनी खाणीतल्या अकराही सुरुंगवाल्यांना रेषादर्शकासाठी बोलावलं. अप्पांच्या डोक्यात रेघा निघाल्या. डाव्या बाजूला जास्त, कारण ते नेहमी उजवा खांदा धोंड्याला लावून बसतात. मॅडम म्हणाल्या, नवं औषध आहे, रेघा पुसत नाही पण वाढू देत नाही. मात्र एक अट आहे. यापुढे एकही बार नको. एकही म्हणजे एकही.

सगळं सरळ होतं. आता टिकलीचा कायदा सांगते.

२०३९ सालापासून सुरुंगाजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाने हेल्मेटवर, कपाळाच्या मधोमध, बटणाएवढा दाबमापक लावायचा असतो. खाणीत त्याला सगळे टिकली म्हणतात. ती प्रत्येक बाराचा दाब मोजून बेरीज करत जाते. बेरीज शंभर झाली की माणसाने सुरुंगाजवळून कायमचं उठायचं आणि त्याचे उपचार खाणीने करायचे. शंभर हा आकडासुद्धा डुकरांनीच दिला आहे. डोक्यात रेघा आणि टिकलीवर शंभर, दोन्ही असेल तर कोणी काही विचारत नाही. रेघा आहेत पण टिकली कमी दाखवते, तर जिल्ह्याची समिती दुसरं कारण शोधते.

अप्पांच्या टिकलीने दाखवलं होतं चौदा पूर्णांक दोन.

समितीचं पत्र आलं. मी वाचलं, कारण हल्ली अप्पांना दोन ओळी वाचल्या की गरगरतं. लिहिलं होतं: स्फोटाशी संबंध आढळत नाही, संभाव्य कारण दीर्घकाळ मद्यपान, हरकत असल्यास सोमवारी सुनावणीस हजर राहावे, त्यानंतर प्रकरण बंद होईल.

अप्पा लग्नाच्या वरातीतसुद्धा लिंबू सरबत पितात. त्यांच्या मित्रांत त्यांचं नाव सरबत पाव्हणं आहे.

मग एकेक करून बाकीचे दहा जण आमच्या ओट्यावर आले. वाचून दाखव गं साजिरी, तू स्पर्धेतली. मी दहा पत्रं वाचली. कोणाला मद्यपान, कोणाला आनुवंशिक, एकाला लहानपणी झाडावरून पडलेला असणे. अकरा फायली अकरा टेबलांवर गेल्या असणार, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण मी एका दमात वाचत होते. पहिल्याचे चौदा पूर्णांक दोन. दुसऱ्याचे चौदा पूर्णांक दोन. अकराव्याचेही चौदा पूर्णांक दोन. कोणी वीस पावलांवर बसणारा, कोणी चाळीसवर, एक तर तीन महिने बाळंतिणीला आणायला सासुरवाडीला जाऊन राहिलेला. आणि बेरीज सगळ्यांची दशांशापर्यंत सारखी.

अकराव्या पत्राच्या आकड्यावर माझं बोट थांबलं. मला खिळा दिसला होता.

खाणीच्या तोंडाशी भोंग्याची कोठडी आहे, सुरुंगापासून पाऊण किलोमीटर लांब. तिच्या भिंतीत एक जाड खिळा आहे. दिवसाचे बार सुरू व्हायच्या आधी माणसं टिकल्या काढून, एका दोऱ्यात ओवून, तिथे टांगतात. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसं. सासुरवाडीला गेलेल्याची तर तीन महिने तिथेच लटकत होती. कोणी त्याबद्दल बोलत नाही. कारण शंभर झाले की उरलेला जन्म क्रशरच्या फाटकावर बसून ट्रकचे नंबर लिहायचे, आणि दगडाची नस कळणाऱ्या माणसाला ते मरणच. खिळा ठोकून दिला होता खाणीच्या सेफ्टीवाल्याने. त्याच्या कचेरीत सुरक्षित खाणीचा पुरस्कार आहे, तीन वर्षं लागोपाठ. परवाच तो घरोघरी पेढे वाटून गेला. आकडे एकदम चांगले आले म्हणाला. तोंडात सुपारी, आणि ओठाच्या कोपऱ्यात लाल थेंब, तो जिभेने आत घ्यायचा. त्याच्या बोटांनी दिलेला पेढा मी खाल्ला होता.

आणि सुट्टीत अप्पांचा डबा घेऊन जायचे तेव्हा दोरा कोण घेऊन जायचं? मी. अकरा वर्षांची होते तेव्हापासून. अप्पा आणि दहा काका रांगेत उभे राहायचे, हेल्मेट खाली करायचे आणि मी एकेकाच्या कपाळावरची टिकली नखाने सोडवायचे. पळत जाऊन खिळ्याला टांगायचे, कानावर हात ठेवायचे, भोंगा व्हायचा, एकामागोमाग सगळे बार व्हायचे. मग परत आणून चिकटवायचे. प्रत्येकाकडून एक लिमलेटची गोळी. मला वाटायचं, माझ्याइतकी महत्त्वाची मुलगी जगात नाही.

शनिवारी रात्रभर तोंडात लिमलेटची चव होती. दोनदा दात घासले.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी अकरा पत्रं फरशीवर ओळीने मांडली आणि दोघांना बसवलं. आकड्यांवर बोट ठेवत गेले. अप्पांनी तिसऱ्या पत्राला मान फिरवली.

"पाटीवरचा हिशोब नको दाखवू मला," ते म्हणाले. "माझ्या आजोबांनी पहारीने दगड फोडला. मी फाटकावर खुर्ची टाकून बसू?"

मी म्हणाले की मग समितीच्या कागदावर बेवडा म्हणून बसा. हे बोलायला नको होतं. त्यांचा हात उठला आणि आई मधे आली.

तिने त्यांना आमटीचं सांगितलं. सगळं. तीन दिवस झाकून ठेवली होती ती, कुठल्या डब्यात, किती फेस आला होता. त्यांनी किती घास खाल्ले तेही. अप्पा खाली बसले. त्यांनी स्वतःची बोटं नाकाशी नेली, हुंगली, पुन्हा हुंगली. मी आयुष्यात इतकं वाईट काही बघितलेलं नाही. बरणीतलंसुद्धा नाही.

"मला डुक्कर केलंस," ते म्हणाले. आवाज चढवून नाही.

"गुलब्याचं मला चौथ्या दिवशी कळलं," आई म्हणाली. "तुमचं कळायला वर्ष घेतलं मी. कळलं तरी तुम्हाला बोलले नाही, कारण डुकराचं पुढे काय होतं ते मीच करते."

बाहेरून कोणाची तरी कोंबडी आत येऊन पत्रांवर उभी राहिली, आईने तिला हाकललं. शेवटी अप्पा हळू आवाजात बोलायला लागले. उद्या खिळ्याचं तोंडातून काढलं तर अकराही जण खोटे ठरतील. अकराही जण सुरुंगावरून उठतील. दहा घरं आपल्या दारात येऊन थुंकतील. सेफ्टीवाला म्हणेल, मला काय माहीत, यांनीच काढल्या. आणि एवढं करून समितीने विचारलं, पुरावा काय, तर? माणसं एकमेकांना धरून आहेत, कोणी बोलणार नाही. मी बोलणार नाही. तुझी आई खाणीत कधी आलीच नाही.

ते बरोबर होतं. सेफ्टीवाला सोडला तर बारा जणांनी तो खिळा बघितला होता. अकरा जण बोलणार नव्हते.

मी उठून पेटीतला गणवेश काढला आणि इस्त्रीसाठी फरशीवर पसरला, पत्रांच्या शेजारी. अप्पांनी विचारलं की उद्या शाळेला सुट्टी आहे ना. मी हो म्हणाले. हात वर करायची गरज नव्हती, तरी तो थोडा वर गेलाच.

"आई, अप्पा, उद्या सुनावणीला मी येणार आहे," मी म्हणाले. "या वेळी कोणाशी पैज नाही. नाव सांगेन, गाव सांगेन, आई भट्टीवर काम करते हे सांगेन. टिकल्या मी काढल्या, दोरा मी ओवला, खिळ्याला मी टांगला, चार वर्षं, हेसुद्धा सांगेन. कोणी काका बोलले नाहीत तरी चालेल. मी समितीला एवढंच विचारणार आहे की चौदा पूर्णांक दोन हा कोणत्या माणसाचा आकडा आहे ते मला दाखवा. मग खिळा कुठे आहे ते मी दाखवते."